कामाची तारीख पुढे गेली तर...

गावाने जत्रेसाठी तमाशाच्या फडाला सुपारी दिली की तारीख पक्की होते. त्या रात्रीसाठी फड दुसऱ्या गावाची सुपारी घेत नाही. गावाने ऐन वेळी जत्रा पुढे ढकलली, तर फडाची ती रात्र वाया जाते. जी गत फडाची, तीच स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भाषांतरकारांची, चित्रकारांची, हिशेबनिसांची आणि संगणकावर काम करणाऱ्यांची असते. हे लोक कोणाच्या पगारी नोकरीत नसतात. ठरावीक काम, ठरावीक मुदत आणि ठरावीक मोबदला यांचा करार करून ते काम स्वीकारतात. त्यांना मुक्त व्यावसायिक किंवा फ्रीलान्सर म्हणतात. वेळ हेच त्यांचे भांडवल होय. म्हणून काम सुरू होण्याची तारीख त्यांना मोबदल्याइतकीच मोलाची असते.

एक उदाहरण

समजा, इंदूरमध्ये राहणाऱ्या एका मराठी भाषांतरकार महिलेने एका प्रकाशन संस्थेशी करार केला. १ जुलै रोजी मूळ हिंदी मजकूर तिच्या हाती यावा, ३१ ऑगस्टपर्यंत तिने मराठी भाषांतर पूर्ण करावे, मोबदला ६०,००० रुपये आणि त्यांपैकी १५,००० रुपये काम सुरू होताच द्यावेत, असे ठरले. दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या. या करारावर विसंबून तिने जुलै महिन्यातील २५,००० रुपयांचे दुसरे काम नाकारले. मात्र २९ जून रोजी संस्थेतून दूरध्वनी आला, "मजकूर अजून तयार नाही. थोडे थांबा, लवकरच कळवतो."

'लवकरच' म्हणजे कधी? घरभाडे आणि मुलाच्या शाळेची फी तर थांबणार नाही. तक्रार केली तर काम हातचे जाईल आणि गप्प बसले तर महिना जाईल, अशा पेचात ती सापडली. अशा वेळी बहुतेक जण गप्प बसतात. त्यांचे नुकसान होते ते बहुधा इथेच.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात करारांना भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. सही झालेल्या करारातील अट एका पक्षाला आपल्या मर्जीने बदलता येत नाही. बदलाला दोघांची संमती लागते, हे त्याच्या ६२ व्या कलमातून स्पष्ट होते. तेव्हा संस्थेचा दूरध्वनी म्हणजे बदललेला करार नव्हे. तो बदलाचा केवळ प्रस्ताव आहे.

कलम ५५ विलंबाविषयी आहे. ठरलेली वेळ पाळणे हा कराराचा गाभा असेल आणि एका पक्षाने ती पाळली नाही, तर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. वेळ हा गाभा नसेल, तर करार रद्द करता येत नाही. परंतु विलंबामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. वेळ हा गाभा आहे किंवा नाही, हे करारातील शब्दांवरून आणि दोन्ही पक्षांच्या हेतूवरून ठरते.

याच कलमाचा शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. वेळ हा गाभा असूनही एखाद्याने उशिरा झालेली पूर्तता स्वीकारली, तर त्या उशिराची भरपाई त्याला मागता येत नाही. मात्र स्वीकारतानाच 'मी भरपाई मागणार आहे' अशी सूचना दिली असेल, तर हक्क टिकतो. मौन म्हणजे संमती, असे आपल्याकडे म्हटले जाते; इथे कायदाही जवळजवळ तेच सांगतो.

भाषांतरकाराला आणखी एक चिंता असते. मजकूरच उशिरा आला, तर ३१ ऑगस्टची मुदत कशी पाळायची? कामासाठी लागणारी वाजवी सोय काम देणाऱ्याने केली नाही, तर त्यामुळे राहिलेल्या कामाचा दोष काम करणाऱ्यावर येत नाही, असे कलम ६७ सांगते.

भरपाईलाही मर्यादा आहे. कलम ७३ नुसार विलंबामुळे सहजपणे होणारे, किंवा करार करताना दोन्ही पक्षांना ठाऊक असलेले नुकसानच मागता येते; दूरचे व अप्रत्यक्ष नुकसान मागता येत नाही. शिवाय नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग उपलब्ध होते, हेही विचारात घेतले जाते. म्हणजे महिनाभर हात बांधून बसणे आणि नंतर सारा हिशेब समोर ठेवणे योग्य नव्हे. करारात मनाई नसेल, तर मधल्या काळात छोटे काम घ्यावे.

उत्तर कसे लिहावे?

दूरध्वनीवरील बोलणे पुढे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून त्याच दिवशी पत्र किंवा ई-मेल पाठवावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार ई-मेललाही लेखी नोंदीचा दर्जा आहे. पत्राची भाषा सौम्य, पण नेमकी असावी. उदाहरणार्थ :

"महोदय,
सविनय नमस्कार. आज, दि. २९ जून रोजी, आपण दूरध्वनीवरून कळवल्याप्रमाणे मूळ मजकूर १ जुलै रोजी मिळणार नाही. हे काम पूर्ण करण्याची माझी तयारी कायम आहे. तथापि, या तारखेवर विसंबून मी जुलै महिन्यातील दुसरे काम नाकारले आहे. तरी कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात : मजकूर मिळण्याची निश्चित तारीख, जितके दिवस विलंब होईल तितके दिवस अंतिम मुदत वाढवल्याची मान्यता, आणि ठरलेले १५,००० रुपये १ जुलै रोजीच देता येतील का, याचा निर्णय. नवी तारीख मी स्वीकारली तरी विलंबामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे. ५ जुलैपर्यंत उत्तर मिळावे, ही विनंती.
आपली विश्वासू"

या पत्रात राग नाही, धमकी नाही आणि लाचारीही नाही. काम करण्याची इच्छा त्यात प्रथम आली आहे. प्रामाणिक अडचण असलेला ग्राहक अशा पत्राला बहुधा उत्तर देतो. मग नवी तारीख, नवी मुदत आणि आगाऊ रक्कम यांची पुरवणी लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

उत्तर आलेच नाही तर?

एक स्मरणपत्र पाठवावे. त्यात शेवटची तारीख द्यावी आणि त्यानंतर राखून ठेवलेले दिवस दुसऱ्या कामाला दिले जातील, हे स्पष्ट लिहावे. मात्र नुसता विलंब म्हणजे करार मोडणे नव्हे. म्हणून करार संपल्याचे कळवण्यापूर्वी कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तसेच ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

खरी काळजी मात्र सही करण्यापूर्वीच घ्यायची असते. तारीख पुढे गेल्यास किती दिवस थांबायचे, थांबण्याचा मोबदला किती आणि आगाऊ रक्कम परत करायची किंवा नाही, ही तीन वाक्ये करारात असली, तर पुढचे अनेक वाद टळतात. फडाला सुपारी देताना गावकरी आणि फडमालक जे समोरासमोर ठरवून घेतात, तेच इथे कागदावर ठरवायचे असते. आपल्या वेळेची किंमत आपणच लिहून ठेवली नाही, तर दुसऱ्याने ती ओळखावी, ही अपेक्षा फोल ठरते.

स्वाध्याय
१. संस्थेचा दूरध्वनी हा 'बदललेला करार' का नव्हे, ते स्पष्ट करा.
२. उशिरा मिळालेले काम स्वीकारताना कोणती सूचना देणे आवश्यक आहे? ती न दिल्यास काय होते?
३. शिवणकाम करणाऱ्या एका व्यक्तीला शाळेच्या गणवेशांचे काम ठरलेल्या तारखेला मिळाले नाही, अशी कल्पना करा. तिच्या वतीने शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहा.