बाग आखण्यापूर्वी अंगण पाहा

घराचं रंगकाम संपलं की पुष्कळ मंडळी थेट नर्सरी गाठतात. आंबा, गुलाब, हिरवळीचे तुकडे टेम्पोतून येतात आणि मग प्रश्न पडतो, हे लावायचं कुठं?

आधी प्लॉटचा नकाशा काढा. बोअर, सेप्टिक टँक, ड्रेनेजची लाइन, वरून गेलेल्या विजेच्या तारा, जुनी झाडं, सारं त्यावर यायला हवं. शहरात आपल्या आवारातलं झाड तोडायलाही १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

उन्हाची नोंद मात्र एका दिवसात होत नाही. पुण्याचंच घ्या. डिसेंबरअखेर भरदुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. वीस फूट उंच घराची सावली तेव्हा उत्तरेला अठरा फूट पडते. १३-१४ मेच्या सुमारास तोच सूर्य माथ्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडेच राहतो. म्हणजे हिवाळ्यात गारठलेली उत्तरेची पट्टी मेअखेरीस तापते. अशा जागी डिसेंबरात फुलं यावीत म्हणून झेंडू लावणारे कमी नाहीत!

आता माती. बांधकामानंतर अंगणात मूळची माती क्वचितच उरते. पायाच्या खोदकामातला मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा तिच्यावर पसरलेला असतो. सिमेंट-चुन्यानं माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात. आपण मात्र खत वाढवत बसतो. दोन-तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डे घ्या, पाण्यानं भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं, तर निचरा वाईट समजावा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथं घराच्या पायालगत मोठं झाड नकोच.

जुलैत छत्री घेऊन एक फेरी मारा. पन्हळीचं पाणी कुठं पडतं, कुठं तुंबतं, शेजारून काय वाहून येतं, त्या जागी खुंट्या ठोका.

शेवटी पाण्याचा हिशेब. उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर शंभर चौरस मीटरला पाचशे लिटर लागतं. एप्रिल-मे टँकरवर काढणाऱ्या कॉलनीत हिरवळीचा आकार या आकड्यावरूनच ठरवावा. उरलेल्या जागेत फरशी न घालता चाफा, कोरफड, कडीपत्ता खुशाल लावावा.