नावं ठेवतील म्हणून पेटवायचं?

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात दर्यापूरहून अंजनगाव रोडनं गेलात, की धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग पेटलेले दिसतात. बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, याचं खत का नाही करत? एकीनं सरळच सांगितलं, "ताई, वावरात काडीकचरा दिसला त लोकं म्हन्तेत, हे घर आळशी हाये." खर्चाचं बोलणं नंतर निघालं!

खरं तर नाडेप खत आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांच्या आद्याक्षरांवरूनच ते नाव पडलं. 10 बाय 6 फुटांचं, 3 फूट उंच, भिंतींना भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. त्यात काडीकचरा, माती, पाणी अन् शेण फक्त शंभरेक किलो. तीन-चार महिन्यांत खत तयार. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या जमिनीला तर ते हवंच. पऱ्हाटी मात्र बारीक करूनच टाकायची. त्यानं गुलाबी बोंडअळीलाही आळा बसतो.

गटातल्या एका काकूंनी घरामागे टाकं बांधलं. सासरे चार दिवस बोलले नाहीत. खत वावरात पडलं, तेव्हा शेजारच्या भाऊंनी हळूच विचारलं, "वयनी, ईटा किती लागल्या?" आता त्या आळीत तीन टाकी आहेत. माझ्या माहेरी मात्र भाऊ अजून पेटवतोच.