चावी हरवलेला नट

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तो जालना जिल्ह्यातून जातो. अशा वेगवान रस्त्यावर टायर पंक्चर झाला, स्टेपनी आहे, पण चाकाच्या लॉकिंग नटची चावीच सापडत नाही. मग काय करावे?

चाकाची चोरी टाळण्यासाठी हा नट बसवतात. त्याच्या डोक्यावर षटकोन नसतो, खास नक्षी असते. म्हणून साधा पाना त्याला धरत नाही. गॅरेजमध्ये मेकॅनिक डोक्यापेक्षा किंचित लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवतो. त्याच्या कडा नटात रुततात आणि पकड मिळते.

आता नट फिरवायचा. येथे तरफ कामी येते. बल गुणिले आसापासूनचे अंतर म्हणजे बलाचे आघूर्ण. नट सैल व्हायला १२० न्यूटन-मीटर लागतात असे धरू. पाव मीटर लांब दांड्यावर ४८० न्यूटन, म्हणजे सुमारे ४८ किलोंचा भार द्यावा लागेल. दांड्यात पाइप घालून लांबी एक मीटर केली, तर १२ किलो पुरतात. नट गंजलेला असेल, तर दोन्हीकडे बल जास्त लागते.

मात्र नट सैल करेपर्यंत चाक जमिनीवरच हवे. जॅकवर उचललेली गाडी हिसक्याने घसरून जिवावर बेतू शकते.

वर्गात हेच दारावर दाखवता येईल. दार आधी बिजागरीजवळ, मग कडीजवळ ढकलायला सांगावे. फरक मुलांच्या हातालाच कळेल.