माळ्यावरची बंदूक : ओळख आणि मोल

बी. ए. भाग २

वऱ्हाडातील जुन्या घरांच्या माळ्यावर काय सापडणार नाही, याचा नेम नाही. मोडकी तिफण, वाळवी लागलेली पोथी, काळवंडलेली समई आणि एखाद्या घरी फडक्यात गुंडाळलेली जुनी बंदूक. ती पणजोबांनी पलटणीतून आणली, असे घरची म्हातारी माणसे सांगतात. तिचे आज लाखो रुपये येतील, असे पारावरची मंडळी सांगतात. या दोन्ही विधानांची पारख कशी करावी, हे थोडक्यात सांगण्याचा येथे विचार आहे.

आपल्या भागात पलटणीच्या गोष्टी उगाच सांगितल्या जात नाहीत. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला, तो ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेच्या खर्चापोटी. या फौजेची एक छावणी वाशीमच्या दक्षिणेला हिंगोलीस होती. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली आणि तिच्यातील एका पलटणीला ‘९६ वी बेरार इन्फन्ट्री’ असे नाव मिळाले. तेव्हा पणजोबांची गोष्ट खरी असू शकेल. परंतु गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा बंदुकीवरच असतो.

तत्पूर्वी एक सूचना. जुनी बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे. ठासणीच्या बंदुकीत कित्येक वर्षांपूर्वी ठासलेला बार तसाच राहिलेला असू शकतो. म्हणून घोडा ओढून पाहू नये, नळी कोणाकडे रोखू नये. तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच करवावी.

आता ओळखीकडे वळू. पुष्कळ लोक प्रत्येक लांब नळीच्या हत्याराला रायफल म्हणतात, ते बरोबर नाही. नळीच्या आत पिळासारखे आटे असतील तर ती रायफल. आत गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ व लांब जाते. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही तोंडातून भरायची रायफल होती. तिच्याच काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती दिसायला तशाच, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. शिपायाचा नेम गोऱ्या सोजिराइतका लांब जाऊ नये, हा त्यातील हेतू. राज्यकर्त्यांचा अविश्वास आजही त्या नळीत डोकावून पाहता येतो!

पुढचे टप्पे रचनेवरून कळतात. नळीच्या मागच्या बाजूला बिजागरीचे झाकण असेल तर ती १८६६ च्या सुमाराची स्नायडर. चापामागे खाली ओढायची दांडी असेल तर १८७१ ची मार्टिनी-हेन्री. उजव्या हाताने मागे-पुढे सरकवायचा बोल्ट आणि खाली दहा गोळ्यांची पेटी असेल तर ती बहुधा ली-एन्फील्ड, म्हणजे आपली ‘थ्री-नॉट-थ्री’. नळीच्या आतला व्यास .३०३ इंच, म्हणून हे नाव.

खरी साक्ष मात्र कोरलेल्या अक्षरांची. ली-एन्फील्डच्या दस्त्याजवळच्या लोखंडी पट्ट्यावर मुकुट असतो व त्याखाली इंग्रजी अक्षरे. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १९०१ पर्यंत. ‘ई. आर.’ म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. ‘जी. आर.’ म्हणजे जॉर्ज. शेवटी ‘आय’ अक्षर जोडलेले असेल तर ‘बादशहा’ हा किताब धरून हिंदुस्थानासाठी केलेली खूण. जवळच कारखान्याचे नाव व साल असते. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. एका पट्टीवर सत्तांतर वाचायला मिळते ते असे.

आता मोल. पहिली कसोटी अस्सलपणाची. बोल्टवरचा आणि नळीवरचा क्रमांक एकच असावा. दुसरी कसोटी अवस्थेची. आमच्या नात्यातील एका घरी बंदूक चकचकीत करण्यासाठी तिला कानस आणि पॉलिश पेपर लावला गेला. गंज गेला आणि गंजाबरोबर अक्षरेही गेली. आता ती कोणत्या सालची, हे कोणी सांगू शकणार नाही. तिसरी कसोटी कागदांची. जुना परवाना, पेन्शनचे पुस्तक, पलटणीतील फोटो यांनी बंदुकीला कुळ मिळते.

राहिला लाखांचा प्रश्न. परदेशातील लिलावाचे आकडे येथे उपयोगाचे नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. .३०३ ही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. तिचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय केंद्रीय गृहखात्याचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना बंदूक बाळगणे गुन्हा आहे, मग ती वडिलोपार्जित का असेना. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या हत्याराला कलम ४५ मध्ये सवलत आहे. पण ती लागू पडते की नाही, हे आपण घरबसल्या ठरवू नये. परवानाधारक वारल्यास वारसाने बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावे परवाना मागावा. त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना अजून थांबावेच लागेल!

भीतीने कित्येक घरी अशी बंदूक विहिरीत टाकण्याचा सल्ला दिला जातो. त्याने कायद्याचा प्रश्न सुटत नाही आणि इतिहास मात्र बुडतो. नागपूरचा अजबबंगला, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, शस्त्रांचे दालन बाळगून आहे. अशा ठिकाणी कायदेशीर मार्गाने पोचलेली बंदूक पणजोबांच्या नावासह जगते.

आमच्यासारख्या घरांत आजवर तलाठ्याचा कागदसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, मग लोखंडावरची इंग्रजी अक्षरे कोण वाचणार? ती वाचण्याइतके शिक्षण आता आपल्या पिढीला मिळाले आहे. किंमत करणारे पुष्कळ भेटतील. आपण आधी ती अक्षरे जशीच्या तशी वहीत उतरवून ठेवावीत आणि घरातील म्हातारे माणूस हयात आहे तोवर पलटणीचे नाव विचारून घ्यावे.