आधीं रक्कम, मागाहून नोंद

हल्लीं घरोघरचे तरुण कूटचलनांत पैसे गुंतवितात आणि संगणकाचे प्रोग्रॅम कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतात. ह्या दोन गोष्टींचा संबंध किती निकट आहे, तें पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांत इथेरियमच्या जाळ्यावर ‘दि डाओ’ नांवाचा सामाईक निधि निघाला. त्यास व्यवस्थापक नव्हता. प्रोग्रॅम हाच करारनामा. हजारों लोकांनीं सुमारें १५ कोटि डॉलर मोलाचें ‘इथर’ हें चलन त्यांत घातलें. १७ जून रोजीं एका अज्ञात इसमानें सुमारें ३६ लक्ष इथर काढून घेतलें. कुलूप फोडलें नाहीं, कीं खोटी सही केली नाहीं. रक्कम देण्याचें वाक्य आधीं व शिल्लक वजा करण्याचें मागाहून, असा क्रम पडला होता. म्हणून नोंद होण्यापूर्वींच तो पुनः पुनः मागत राहिला! पेढीवरील कारकुनानें पैसे आधीं मोजून द्यावे व खातें सावकाश लिहावें, तशांतलाच हा प्रकार. (पाणिनीच्या सूत्रांतील पूर्वापर क्रम जाणणारांस ह्याचें नवल वाटूं नये.) जुलैंत जाळ्याचे नियमच बदलून ती रक्कम सोडवावी लागली. ज्यांस हें रुचलें नाहीं, त्यांनीं जुनें जाळें ‘इथेरियम क्लासिक’ म्हणून पुढें चालविलें.

आतां असले प्रोग्रॅम यंत्र क्षणार्धांत लिहून देतें. आणि भारतांत २०२२ पासून कूटचलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. तोटा मात्र इतर उत्पन्नांतून वजा होत नाहीं.

माझा नातूहि यंत्राकडून प्रोग्रॅम लिहवून घेतो. कोणती ओळ आधीं व कां, हें त्यानें समजावून सांगितल्याखेरीज मी निवृत्तिवेतनांतील एक रुपयाहि त्याच्या हातीं देत नाहीं.