पावरीचा अखंड श्वास

नंदुरबारच्या नवापूरपासून साक्री आणि डांगपर्यंतच्या कोकणा आदिवासींच्या वस्त्यांत मार्गशीर्षातील डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजणारी पावरी हे सुषिर, म्हणजे हवेने वाजणारे वाद्य असून, वाळवून पोकळ केलेल्या दुधीभोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या मेणाने सांधून तिच्या टोकाला बैलाचे शिंग जोडतात. प्रत्येक नळीत बांबूचीच बारीक पाती, म्हणजे जिव्हाळी, थरथरून नाद उमटवते, तर शिंगामुळे तो पसरतो. वादक गालांत हवा साठवून ती फुंकता फुंकताच नाकाने श्वास घेत असल्यामुळे सूर तुटत नाही. गारुड्याची पुंगी तिची जवळची नातेवाईक. वेल्समधील पिबगॉर्न या जुन्या वाद्यातही पाती व शिंग एकत्र येतात, मात्र त्यावरून थेट संबंध जोडणे घाईचे ठरेल.