रात्रीच्या पर्वतीय सायकलस्वारीचा दिवा

रात्रीच्या पर्वतीय सायकलस्वारीचा दिवा हे डोंगरातील पायवाटा, जंगलवाटा आणि खडकाळ उतार यांवर अंधारात माउंटन बाइक चालवताना वापरले जाणारे प्रकाशसाधन होय. शहरातील सायकलच्या दिव्याचे मुख्य काम सायकलस्वार इतर वाहनांना दिसावा हे असते. डोंगरातील दिव्याचे काम सायकलस्वाराला वाट दिसावी हे असते. तेथे रस्त्यावरचा उजेड नसतो, वाट एखाद्या हाताइतकी रुंद असू शकते आणि उतारावर दिवा अचानक विझला, तर थांबायला मिळणारा अवधी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नसतो. बाजारात हे दिवे प्रामुख्याने ल्युमेनच्या आकड्यावर विकले जातात. प्रत्यक्षात प्रकाश कोठे पडतो, सावल्या कशा उमटतात आणि उजेड किती वेळ टिकतो, या तीन बाबी त्या आकड्याहून अधिक निर्णायक ठरतात.

इतिहास

सायकलवर आरंभी तेलाचे दिवे लावले जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बाइडचे दिवे आले. त्यांत कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकून ॲसिटिलीन वायू तयार होई आणि त्याची ज्योत बरीच प्रखर असे. पुढे टायरला टेकून फिरणारा डायनॅमो रूढ झाला. त्याची प्रमाणित क्षमता ६ व्होल्ट व ३ वॅट इतकी होती. चढावर सायकल मंदावली की दिवा मिणमिणू लागे आणि थांबली की विझे, हा अनुभव महाराष्ट्रातील मागच्या पिढीच्या सायकलस्वारांना अपरिचित नाही. डोंगरवाटेवर नेमका हाच दोष घातक ठरतो, कारण अवघड जागी सायकल हळू चालते आणि उजेडाची गरज तेव्हाच सर्वाधिक असते.

माउंटन बाइकचा उगम १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन काउंटीत झाला. तिच्यासाठी स्वतंत्र दिव्यांची गरज प्रकर्षाने भासली ती चोवीस तासांच्या शर्यतींमुळे. अशा शर्यतींपैकी आरंभीची ‘२४ अवर्स ऑफ कॅनान’ १९९२मध्ये वेस्ट व्हर्जिनियात झाली. स्कॉटलंडमधील ‘स्ट्रॅथपफर’ ही चोवीस तासांची शर्यत जानेवारीत होते. त्या अक्षांशावर त्या दिवसांत रात्र १६ तासांहून मोठी असते. त्यामुळे तेथे दिव्याची निवड हा जोडसाधनाचा विषय न राहता शर्यतीच्या पूर्वतयारीचा मुख्य भाग होतो.

त्या काळचे दिवे हॅलोजनचे असत. एका वॅटमागे जेमतेम १५ ते २० ल्युमेन प्रकाश मिळत असल्याने बॅटऱ्या जड असत. काही तर पाण्याच्या बाटलीच्या आकाराच्या असून बाटलीच्याच जाळीत बसवल्या जात. त्यानंतर काही वर्षे धातू-हॅलाइडचे वायुदीप वापरात होते. ते प्रखर असले, तरी विझवल्यावर लगेच पुन्हा पेटत नसत. निळ्या एलईडीवर पिवळ्या स्फुरद्रव्याचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळवणे शक्य झाल्यावर हे सर्व प्रकार मागे पडले. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचे चांगले एलईडी एका वॅटमागे १००हून अधिक ल्युमेन देतात.

ल्युमेन, कॅन्डेला आणि लक्स

दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. एका विशिष्ट दिशेतील झोताची तीव्रता कॅन्डेलामध्ये, तर पृष्ठभागावर प्रत्यक्ष पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला की तो एक लक्स होय. तेव्हा १००० ल्युमेनचे दोन दिवे पूर्णपणे भिन्न वागू शकतात. एक तो सगळा प्रकाश अरुंद झोतात दूरवर फेकेल, तर दुसरा चाकासमोर पसरून टाकेल. खोक्यावरचा मोठा आकडा यांपैकी काहीच सांगत नाही.

अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात प्रकाश घटतो, हा नियम येथे प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. पुष्कळ उत्पादक हातबत्त्यांसाठी असलेल्या ‘एएनएसआय एफएल-१’ या अमेरिकी मानकानुसार झोताचे अंतर देतात. ते अंतर म्हणजे जेथे प्रकाश ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते ठिकाण. ‘१०० मीटर’ अशी नोंद असलेल्या दिव्याची तीव्रता त्यावरून २५०० कॅन्डेला निघते. असा दिवा १० मीटरवर २५ लक्स देतो आणि २० मीटरवर केवळ ६ लक्सच्या आसपास. शंभराव्या मीटरवर चांदणे असते खरे, पण चांदण्यात मोकळ्या दगडांचा उतार वेगाने उतरणे कोणालाही मानवणार नाही.

किती दूरचे दिसायला हवे, हे वेगावर ठरते. प्रतिक्रियेला एक सेकंद लागतो आणि सुट्या मातीवर ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो, असे धरू. ताशी १० किलोमीटर वेगात थांबायला सुमारे ४ मीटर, २५ किलोमीटर वेगात सुमारे १५ मीटर आणि ३६ किलोमीटर वेगात जवळजवळ २७ मीटर लागतात. चढावर म्हणूनच मंद उजेडही पुरतो. उतारावर मात्र वेगासोबत गरज झपाट्याने वाढते. शिवाय दुप्पट अंतरावर तेवढाच प्रकाश पाडायला झोताची तीव्रता चौपट लागते. दिवा दुप्पट ल्युमेनचा घेतला म्हणून डोळ्यालाही दुप्पट दिसत नाही, कारण प्रखरतेची जाणीव प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही.

हँडल आणि हेल्मेट

दिवा कोठे बसवावा, हा प्रश्न किती ल्युमेनचा घ्यावा या प्रश्नाच्या आधीचा आहे. हँडलवरचा दिवा डोळ्यांच्या बराच खाली असतो. त्याचा प्रकाश जमिनीवर तिरका पडतो, त्यामुळे दगड, मुळे आणि चाकोऱ्या यांच्या सावल्या उमटतात आणि त्या सावल्यांवरूनच डोळा उंचसखलपणा ओळखतो. याच दिव्याचे दोन दोष आहेत. वळणावर तो हँडल ज्या दिशेला आहे तिकडेच पाहतो, वाट जिकडे वळते तिकडे नाही. आणि पायरीसारख्या उंचवट्यामागे त्याची सावली इतकी गडद पडते की, तिथे एक वीत खोली आहे की एक पुरुष, हे कळत नाही.

हेल्मेटवरचा दिवा नजर जाईल तिकडे वळतो, वळणाच्या पोटातले दाखवतो आणि त्या काळ्या सावलीतही उजेड टाकतो. पण तो डोळ्यांना लागूनच असल्याने त्याच्या सावल्या वस्तूंच्या नेमक्या मागे दडतात. सारी जमीन सपाट भासते. खड्डा डागासारखा आणि डाग खड्ड्यासारखा दिसतो. केवळ हेल्मेटच्या दिव्यावर उतार उतरणारा नवखा सायकलस्वार बहुधा याच कारणाने पडतो, पण दोष मात्र दिवा ‘कमी पडल्याचा’ समजतो.

म्हणून अनुभवी सायकलस्वार दोन दिवे वापरतात: हँडलवर रुंद झोताचा, हेल्मेटवर तुलनेने अरुंद झोताचा. हेल्मेटचा दिवा हँडलच्या दिव्याहून फार प्रखर असू नये, अन्यथा तो खालच्या दिव्याने उमटवलेल्या सावल्या पुसून टाकतो. नेहमीच्या वाटांसाठी हँडलवर १००० ल्युमेनच्या आसपास आणि हेल्मेटवर त्याच्या निम्म्यापासून पाऊणपट प्रकाश पुरेसा ठरतो. तीव्र आणि वेगवान उतारांसाठी यापेक्षा अधिक घेण्यात अर्थ आहे. एकच दिवा परवडत असेल, तर तो हँडलवर असावा आणि वेग त्याच्या मर्यादेत ठेवावा. दोन दिव्यांचा आणखी एक लाभ असा की, एक बंद पडला तरी दुसऱ्याच्या उजेडात निदान सुखरूप थांबता येते.

झोत चाकाच्या अगदी पुढ्यात रोखणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. जवळचा प्रखर पट्टा बाहुली आकुंचित करतो आणि पलीकडचा अंधार अधिकच गडद होतो. अंधाराला सरावण्यास दंडपेशींना २० ते ३० मिनिटे लागतात; समोरून आलेल्या एका झोताने तो सराव क्षणात मोडतो. समोर माणूस आला की मान वळवून दिवा बाजूला घेण्याची रीत त्यातूनच पडली आहे.

धुके, धूळ आणि रंग

धुक्यात हेल्मेटचा दिवा बंद करावा. पाण्याच्या कणांवरून परतणारा प्रकाश सरळ डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हँडलचा दिवा खाली असल्याने त्याचा त्रास कमी होतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, तसेच कोरड्या दिवसांत पुढच्या सायकलने उडवलेल्या धुळीत हे लगेच अनुभवास येते. हिवाळ्यात स्वतःचा श्वासही असाच आड येतो.

सुमारे ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश अधिक प्रखर वाटतो. परंतु लालसर माती, ओली मुळे आणि पालापाचोळा यांतील भेद ४००० ते ५००० केल्विनच्या प्रकाशात अधिक चांगला कळतो.

बॅटरी आणि टिकाऊ उजेड

या दिव्यांत लिथियम-आयन घट वापरतात. त्यांपैकी १८६५० हा प्रकार १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. नावातच मापे आहेत. ७.२ व्होल्ट व ५.२ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा मावते. वॅटमागे १०० ल्युमेन धरल्यास १००० ल्युमेनवर ती हिशोबाने ३.७ तास आणि २००० ल्युमेनवर त्याच्या निम्मा वेळ चालेल. प्रत्यक्षात याहून कमीच धरावे. एवढ्याशा डबीतून पाच तास २००० ल्युमेन देण्याचा दावा कोणी केला, तर हा साधा गुणाकार करून पाहावा.

येथे आणखी एक खाच आहे. वर उल्लेखिलेल्या मानकात दिवा चालण्याचा कालावधी उजेड आरंभीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजला जातो, आणि आरंभीचा प्रकाश दिवा लावल्यानंतर ३० सेकंदांनी मोजतात. त्यामुळे काही मिनिटांतच एकतृतीयांशावर उतरणारा दिवाही कागदावर ‘चार तास’ चालू शकतो. यासाठी वेळेनुसार प्रकाश कसा घटतो याचा आलेख पाहावा. तो देणाऱ्या उत्पादकाला प्राधान्य द्यावे. उष्णता वाढली की दिवे आपोआप मंद होतात. धातूच्या पट्ट्यांवरून वारा वाहत असेल, तरच ते पूर्ण प्रखरतेवर टिकतात. संथ चढावर म्हणून मंद पायरीच वापरणे हिताचे, बॅटरीही त्यातच वाचते. बॅटरी किती उरली ते दाखवणारा आणि संपत आल्यावर एकदम न विझता मंद पायरीवर उतरणारा दिवा घ्यावा.

थंडीत बॅटरीची उपलब्ध क्षमता घटते. हेल्मेटच्या दिव्याची बॅटरी तारेने जोडून अंगावरच्या खिशात ठेवली, तर ती ऊबदार राहते आणि डोक्यावरचा भारही कमी होतो. मात्र फांदीला अडकल्यास दिवा आणि तार दोन्ही सहज सुटून यावीत अशी जोडणी हवी.

इतर बाबी

पावसासाठी किमान आयपीएक्स-४ दर्जा, म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, आवश्यक असतो. हँडलचा मधला भाग बहुधा ३१.८ किंवा ३५ मिलिमीटर जाडीचा असतो. पकड त्यावर घट्ट बसते की नाही हे खडबडीत वाटेवरच कळते, म्हणून जमल्यास खरेदीपूर्वी दिवा एकदा उतारावर नेऊन पाहावा.

जर्मनीच्या वाहतूक नियमांनुसार सायकलच्या दिव्याच्या झोताला वरून कापलेली कड असावी लागते, जेणेकरून समोरच्याचे डोळे दिपू नयेत. रस्त्यासाठी हे योग्यच आहे. जंगलवाटेवर मात्र तोच दिवा डोक्याच्या उंचीवरची फांदी दाखवत नाही. उलट, डोंगरासाठीचा गोल झोत परतीच्या डांबरी रस्त्यावर खाली वळवून मंद करावा आणि मागचा लाल दिवा लावावा.

विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सामान्यतः विशेष परवानगी लागत नाही. बरेच दिवस वापर नसेल, तर बॅटरी पूर्ण भरलेली वा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण अर्धी भरून थंड जागी ठेवावी. शून्य अंशाखालील तापमानात ती चार्ज करू नये.